पदकाच्या कडेवरचे नाव: सैनिकी पूर्वजांचा शोध घेऊन देणाऱ्या एका सेवेविषयी

मंडणगड तालुक्यातील आमच्या मूळ घराला गावात ‘तंबूरवाल्यांचे घर’ म्हणतात. लहानपणी मला वाटे की घरात कोणी भजनी बुवा होऊन गेले असतील आणि त्यांच्या तंबोऱ्यावरून हे नाव पडले असेल. पुढे आत्याने सांगितले की हा तंबूर म्हणजे पलटणीचा ड्रम, आणि तिचे पणजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, इंग्रजांच्या पलटणीत तो वाजवीत असत. या सांगण्याला आधार म्हणावा अशी एकच वस्तू घरात होती. पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या नऊवारीच्या घडीत, एक चांदीचे पदक ठेवलेले असे. त्याच्या एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला डोंगरातून चाललेली फौज व पाठीवर तोफ वाहणारा हत्ती आहे, म्हणून घरातली मुले त्याला ‘हत्तीचा बिल्ला’ म्हणत. रिबीन केव्हाच नाहीशी झाली होती, वरची टांगणीही तुटली होती, आणि कोणीतरी सोनाराकडून तेथे कडी डाकून घेऊन तो बिल्ला माळेत ओवला होता.

गेल्या वर्षी आत्याला अठ्ठ्याऐंशीवे वर्ष लागले, तेव्हा मी ठरवले की तिच्या हयातीत या माणसाचा कागदोपत्री माग काढायचा. त्यासाठी मी मुंबईतील एका पूर्वजशोध सेवेची मदत घेतली. सेवेचे नाव येथे देत नाही, कारण मला कौतुकाबरोबर तक्रारीही मांडायच्या आहेत. तेथे दोघेजण काम पाहतात. त्यांपैकी एक बाई मोडी लिपी उत्तम वाचतात, आणि लंडनमधील कागद पाहण्यासाठी त्यांचा तेथील एक सहकारी तासावर पैसे घेऊन काम करतो. पहिल्या टप्प्याचे, म्हणजे घरातील वस्तू व कागद तपासून दिशा ठरवून देण्याचे, त्यांनी साडेसहा हजार रुपये घेतले. दुसऱ्या टप्प्याचे, म्हणजे लंडन व महाराष्ट्रातील दफ्तरे पाहण्याचे, बावीस हजार झाले, आणि मोडी कागदांच्या वाचनाचे दर पानी वेगळे. सर्व मिळून एकतीस हजारांच्या आसपास खर्च आणि आठ महिन्यांचा काळ गेला. आमच्यासारख्या पेन्शनवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही, म्हणून तिच्या बदल्यात काय मिळाले हे मी सविस्तर लिहीत आहे.

सेवेचा पहिला गुण असा की त्यांनी पैसे घेण्यापूर्वीच एक अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगितली. ब्रिटिश शिपायांच्या भरतीचे, पेन्शनचे आणि हजेरीचे कागद लंडनमध्ये भरपूर टिकून आहेत; मुंबई इलाख्याच्या फौजेतील एतद्देशीय शिपायांचे वैयक्तिक सेवापट मात्र फारच थोडे टिकले. भरती होताना शिपायाचे गाव, बापाचे नाव, उंची, अंगावरच्या खुणा वगैरे लिहून घेत. पण ते कागद पलटणीपाशी राहत आणि पलटण मोडली की त्यांचीही वासलात लागे. म्हणून गोऱ्या ड्रमरचा वंशज ज्या सहजतेने आपल्या पूर्वजाचे वय, उंची आणि वर्तणूक वाचू शकतो, तशी अपेक्षा आमच्या कुटुंबाने ठेवू नये, असे त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितले. तिकडे टिकण्याची शक्यता असलेली एकच गोष्ट म्हणजे पदकांच्या याद्या. म्हणून त्यांचे पहिले मागणे एवढेच होते: “मॅडम, बिल्ला अजिबात घासू नका. त्याच्या कडेचे फोटो पाठवा.”

कडेवर काही लिहिलेले असते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. फोटो कसा काढायचा हेही त्यांनी समजावून दिले. खोलीत अंधार करायचा, बिल्ला उभा धरायचा, आणि मोबाइलची टॉर्च वरून न धरता कडेला जवळजवळ चिकटवून आडवी धरायची, म्हणजे पुसट अक्षरांच्या सावल्या पडतात. एका संध्याकाळी माजघरात माझ्या भाच्याने टॉर्च धरली आणि मी बिल्ला दोन बोटांत पकडून सावकाश फिरवत गेले. आधी नुसते ओरखडे दिसत होते. मग एका जागी एक आणि नऊ हे इंग्रजी आकडे उमटले, त्यांच्यापुढे ‘बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ची आद्याक्षरे, आणि आणखी थोडे फिरवल्यावर ‘ड्रमर’ या शब्दाचे अर्धे रूप. नावाचा भाग मात्र जवळजवळ सपाट झाला होता. दर दसऱ्याला आजी, तिच्याआधी तिची सासू, हा बिल्ला राखेने लखलखीत घासून शस्त्रांबरोबर पूजेला मांडत असत. त्यांच्या भक्तीनेच ते नाव झिजले. ज्यांच्या घरी अशी पदके आहेत त्यांनी ती कोरड्या सुती कापडात ठेवावीत आणि पूजेतही नुसते फूल वाहावे.

या फोटोंवरून सेवेने दोन दिवसांत पहिला खुलासा पाठवला. हत्तीचे हे चित्र १८७८ ते १८८० या काळातील दुसऱ्या अफगाण युद्धाच्या पदकाचे आहे आणि पलटण म्हणजे १९वी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री. त्यापुढे ‘ड्रमर’ या हुद्द्याविषयी त्यांनी जे लिहिले, ते मला संपूर्ण अहवालातील सर्वांत उपयोगाचे प्रकरण वाटते. आपण ड्रमर म्हणजे बँडवाला असे धरून चालतो. त्या काळच्या पायदळात मात्र ड्रमर प्रत्येक कंपनीला जोडलेला असे आणि त्याची गणती शिपायांत होत नसे. १८५७ नंतर फौजेची पुनर्रचना झाली तेव्हा एका एतद्देशीय पलटणीची मांडणी साधारण आठ सुभेदार, आठ जमादार, चाळीस हवालदार, चाळीस नाईक, सोळा ड्रमर आणि सहाशे शिपाई, म्हणजे एकूण ७१२ माणसे, अशी ठरली. आठ कंपन्यांना सोळा ड्रमर, म्हणजे प्रत्येक कंपनीत दोन. पहाटे उठण्याचा, हजेरीचा, संध्याकाळी निशाण उतरवण्याचा, रात्री छावणी शांत करण्याचा, असा पलटणीचा सारा दिवस ड्रम आणि बिगुल यांच्या इशाऱ्यांवर चाले. शोध घेणाऱ्याच्या दृष्टीने याचा फायदा असा की नाव शोधायचे ते सहाशे माणसांत नसून सोळांत असते, कारण याद्या हुद्द्यानुसार लावलेल्या असतात. एका नावाचे डझनभर शिपाई सापडतात. एका नावाचे दोन ड्रमर सापडणे दुर्मीळ. ही गोष्ट मला कोणत्याही संकेतस्थळावर इतक्या स्पष्टपणे सांगितलेली आढळली नव्हती.

आता तक्रारी. पहिली तक्रार याच हुद्द्यातून निघाली. अनेक पलटणींत ड्रमर आणि फायफर (छोटी बासरी वाजवणारे) हे ख्रिस्ती किंवा मिश्र वंशाचे असत, हे सर्वसाधारण ज्ञान खरे आहे. लंडनच्या सहकाऱ्याने ते आमच्या बाबतीतही गृहीत धरले आणि मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या चर्चनोंदी चाळण्यात सहा तास घालवले, ज्यांचे पैसे आमच्या बिलात आले. मी अर्जात आमचे गाव, आमचे घराणे आणि आमचा धम्म हे सर्व लिहून दिले होते. मुंबईच्या फौजेत कोकणातील महार मोठ्या संख्येने होते, फौजेच्या कागदांत त्यांना ‘परवारी’ म्हटले जाई, आणि गावगाड्यात वाद्य वाजवण्याचे काम ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आले होते त्या घरातला मुलगा पलटणीत ड्रम हाती घेतो, यात नवल काहीच नव्हते. चर्चची वही उघडण्यापूर्वी एकदा फोन करून विचारले असते तर ते सहा तास वाचले असते. मी हे कळवल्यावर त्यांनी चूक कबूल केली आणि त्यांपैकी चार तासांचे पैसे परत केले. सहाही तासांचे परत करायला हवे होते, असे माझे मत आजही आहे.

दुसरी चूक अधिक गंभीर होती, आणि ती वाचकांनी नीट समजून घ्यावी, कारण कोकणातील हजारो घरांना ती लागू पडते. त्या काळी आमच्या समाजातील पुरुषांच्या नावापुढे ‘नाक’ लागे: रामनाक, सोननाक, भिकनाक. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावे कोरलेली आहेत, त्यांतही ही ‘नाक’ अखेर असलेली नावे दिसतात. इंग्रज कारकून ते कधी ‘एनएसी’ असे लिहीत, कधी ‘एनएके’ असे, आणि आडनाव लिहिण्याची पद्धतच नव्हती. स्वतःचे नाव आणि त्यापुढे बापाचे नाव, एवढेच. आज आम्ही लावतो ते गावावरून पडलेले ‘कर’ असलेले आडनाव पुढच्या पिढ्यांत आले. त्यामुळे आजचे आडनाव घालून शंभर वर्षांपूर्वीच्या याद्यांत शोध घेतला तर हाती काहीही लागत नाही, आणि पुष्कळ लोक तेथेच निराश होऊन थांबतात. सेवेला हे माहीत होते, तरीही पहिल्या मसुद्यात बिल्ल्यावरील झिजलेली अक्षरे वाचताना त्यांनी ‘नाक’चे ‘नाईक’ केले. नाईक हा फौजेतला हुद्दाही असल्यामुळे घोळ वाढला: खापरपणजोबा आधी ड्रमर होते आणि मग नाईकपदी चढले, असे एक कल्पित चरित्रच मसुद्यात तयार झाले. बढती मिळाल्याचे वाचून माझा भाऊ आनंदला होता. मला मात्र ते खटकले, कारण एकाच बिल्ल्याच्या कडेवर एकाच माणसाचे दोन हुद्दे कोरण्याचे कारण काय, हे मला कळेना.

मी बिल्ला घेऊन स्वतः मुंबईला गेले. मोडी वाचणाऱ्या ताईंनी तो भिंगाखाली धरला, कडेवर अगदी पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने त्याचा ठसा घेतला, आणि तो ठसा उजेडासमोर धरून बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला आणि शेवटच्या तीन अक्षरांवर बोट ठेवले. तिसरे अक्षर गोल, उजवीकडे उघडे होते. त्याच्यापुढे चौथे अक्षर कधीच नव्हते. ते ‘नाक’ होते. “माझ्या वाचनात चूक झाली, मॅडम,” असे त्या सरळ म्हणाल्या, आणि त्याच दिवशी लंडनला नव्या वाचनासह सूचना गेली. चूक कोणाच्याही हातून होते. ती मूळ वस्तूसमोर बसून दुरुस्त करण्याची तयारी असणे याला मी फार महत्त्व देते. माझी सूचना एवढीच की केवळ फोटोंवरून नावाचे वाचन अंतिम धरण्याची पद्धत त्यांनी बंद करावी आणि ठसा घेणे पहिल्या टप्प्यातच आणावे.

नवे वाचन हाती आल्यावर तीन आठवड्यांत नोंद सापडली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे जे लष्करी कागद आहेत, त्यांतील अफगाण युद्धाच्या पदकयादीत, १९व्या पलटणीच्या ड्रमरांच्या रांगेत, आमच्या खापरपणजोबांचे नाव आणि त्यापुढे त्यांच्या वडिलांचे नाव आहे. वडिलांचे ते नाव घरात कोणालाही ठाऊक नव्हते. एका ओळीने आमची वंशावळ एक पिढी मागे गेली. ताईंनी त्या ओळीचे चित्र मोठे करून छापून पाठवले, आणि तिरक्या इंग्रजी हस्ताक्षरातील प्रत्येक अक्षराखाली देवनागरीत उच्चार लिहिला, जेणेकरून इंग्रजी न येणाऱ्या आत्यालाही बोट ठेवून वाचता यावे. हे काम करारात नव्हते.

पलटणीच्या हालचालींविषयी अहवालात जे लिहिले आहे ते नेमके आहे. २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे इंग्रजी फौजेचा पराभव झाला, उरलेले सैन्य कंदहारच्या तटाआड आले आणि ऑगस्टमध्ये शहराला वेढा पडला. त्या शिबंदीत १९वी पलटण होती. १६ ऑगस्टला देह खोजा या गावावर तटाबाहेर जो हल्ला करण्यात आला, त्यात तिच्या तुकड्या होत्या, आणि त्यात ब्रिगेडियर जनरल ब्रूक मारला गेला. १ सप्टेंबरला जनरल रॉबर्ट्सच्या फौजेने कंदहारची लढाई जिंकली. येथे कोणीही मोहात पडले असते. आमचे खापरपणजोबा देह खोजाच्या गल्ल्यांत ड्रम वाजवीत होते, असे एक वाक्य लिहून टाकले असते तर आम्ही सारे भारावून गेलो असतो. सेवेने तसे केलेले नाही. पलटण तेथे होती, ते पलटणीत होते, त्या दिवशी ते तटाबाहेर गेले की आत राहिले हे यादी सांगत नाही, असे तीन वेगळ्या वाक्यांत लिहिले आहे. या शिस्तीमुळेच अहवालातील बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसला.

पलटणीचे पुढे काय झाले याचाही माग त्यांनी दिला. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले आणि १९वी ती ११९वी झाली. १९२२ च्या पुनर्रचनेत तिची नववी जाट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. म्हणजे कोकणातील एका ड्रमरच्या पलटणीचा वारसा आज जाट रेजिमेंटकडे आहे. नुसते ‘मराठा’ किंवा ‘महार’ रेजिमेंटच्या इतिहासात शोधत बसलो असतो तर आम्ही तेथवर कधी पोहोचलो नसतो. महार रेजिमेंट तर १९४१ मध्ये बेळगाव येथे उभी राहिली, तोवर खापरपणजोबांना जाऊन कित्येक वर्षे झाली होती.

ही दोन तारखांमधील पोकळी अहवालाने ज्या समजूतदारपणे भरली आहे, ते प्रकरण मी दोनदा वाचले. माझे पणजोबा भरतीच्या वयाला आले तेव्हा महारांची भरती बंद झालेली होती. १८९० च्या दशकाच्या आरंभी लढाऊ जातींच्या सिद्धांताखाली हे दार लावून घेण्यात आले. ज्या पलटणीत बापाने पदक मिळवले त्या फौजेत मुलाला जागा उरली नाही. पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज लिहिला, आणि आंबेडकरी चळवळीच्या आधीचा हा आवाज आमच्या याच पट्ट्यातून उठला. वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे, तेही निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच होते. दापोलीला आमची जुनी माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. फौजेतल्या पेन्शनरांची ती वस्ती होती. आमचे पणजोबा शेवटी मुंबईला गिरणीत का गेले, याचे उत्तर मला या पानांवर मिळाले. घरात आम्ही ते केवळ गरिबी म्हणून ऐकले होते.

महाराष्ट्रातील कागदांचे काम मोडीवाचक ताईंनी स्वतः केले, आणि या सेवेचा खरा कस येथे दिसतो. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधील कोतवाल बुक, म्हणजे गावोगावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, हा शब्द अलीकडे जातीच्या दाखल्यांमुळे सर्वांना परिचित झाला आहे. तो कागद ठिसूळ झालेला, मोडी धावती, आणि एकेका पानावर तीन वेगवेगळ्या हातांची अक्षरे. त्यांनी त्यातून खापरपणजोबांच्या दोन मुलांच्या जन्मनोंदी काढल्या. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट होण्यापूर्वीची जी महार वतनाची कागदपत्रे होती, त्यांत घराण्याच्या वाटणीची नोंद मिळाली आणि तिच्यामुळे यादीतला माणूस व आमच्या घरातला माणूस एकच, हे सिद्ध झाले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये काहीच मिळाले नाही, तेही त्यांनी लिहिले आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात किंवा मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन पैसे वाढवण्याचा मोह त्यांनी टाळला, कारण आमच्या प्रश्नाचे उत्तर तेथे असण्याचा संभव कमी होता.

माझी तिसरी तक्रार वंशावळीच्या तक्त्याविषयी आहे. सुबक छापलेल्या त्या तक्त्यात सहा पिढ्यांचे पुरुष होते आणि एकही स्त्री नव्हती. कागदात बायकांची नावे नाहीत, असे कारण दिले गेले. ते खरे असले तरी आत्या जिवंत आहे आणि तिला ती नावे पाठ आहेत. जिने तुटलेल्या पदकाला कडी डाकून ते गळ्यात घातले, ती खापरपणजी त्या तक्त्यात नसावी हे मला सहन झाले नाही. मी आत्यासमोर मोबाइल ठेवून तिचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि पाठवले. पंधरा दिवसांत दुरुस्त तक्ता आला. त्यात स्त्रियांची नावे वेगळ्या शाईत, ‘कौटुंबिक स्मृतीवरून’ अशा खुणेसह आहेत. हे त्यांनी सर्वांसाठीच आरंभापासून करावे.

त्याच ध्वनिमुद्रणात आणखी एक गोष्ट आली. आमच्या गावच्या खालूबाज्यात, शिमग्यात पालखी घराघरांतून फिरते तेव्हा, एका वळणावर सनई थांबते आणि नुसत्या ढोल-टिमकीवर एक चाल वाजते, जी आजूबाजूच्या गावांत वाजत नाही. आत्या म्हणाली, “बाय, ती चाल आमच्या पणज्यांनी पलटणीतून आणलेली.” आणि तिने जेवणाच्या पाटावर दोन्ही हातांच्या बोटांनी ती वाजवून दाखवली: एक लांब, दोन आखूड, मग उजव्या हाताची सलग थरथर. माझी फार इच्छा होती की सेवेने ही गोष्ट अहवालाच्या मुख्य भागात घ्यावी. त्यांनी ती परिशिष्टात, आत्याच्या नावाने आणि आत्याच्याच शब्दांत घेतली, आणि चालीचा पलटणीच्या इशाऱ्यांशी संबंध सिद्ध झालेला नाही असे खाली लिहिले. तेव्हा मी थोडी नाराज झाले होते. आता मला वाटते की त्यांनी योग्य केले.

चौतीस पानांचा पहिला अहवाल पूर्णपणे इंग्रजीत आला, हीही नोंदवण्यासारखी उणीव आहे. मराठी माणसांनी मराठी कुटुंबासाठी केलेले काम मराठीत मिळण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागू नयेत. मागणी केल्यावर मराठी प्रत विनाशुल्क मिळाली आणि तिची भाषा चांगली आहे, पण मागावी लागली.

ही सेवा घ्यावी का, असे मला बरेच जण विचारतात. घरात पदक, पेन्शनचा कागद किंवा पलटणीचा क्रमांक असलेली एखादी वस्तू असेल, तर घ्यावी. हे लोक प्रामाणिक आहेत आणि कोकणातील नावांची व कागदांची त्यांना जाण आहे. हाती फक्त ऐकीव गोष्ट असेल तर आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे, त्यांच्याकडून ‘नाक’ लागणारी जुनी नावे बापाच्या नावासह लिहून घ्यावीत, आणि मगच पैसे भरावेत. पूर्वज पहिल्या महायुद्धात कामी आलेले असतील तर सेवेची गरजच बहुधा पडणार नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांचा शोध विनामूल्य घेता येतो, आणि १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी कूत (आजच्या इराकमधील) येथील वेढ्यात असल्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक घरांची नावे मेसोपोटेमियाच्या नोंदींत आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख पटल हे संकेतस्थळही नोंदणी करून घरबसल्या पाहता येते. गावात शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर महायुद्धास गेलेल्यांच्या संख्येची संगमरवरी पाटी असेल तर तिचा फोटो आधी काढून ठेवावा. रंगकामात अशा पाट्या चुन्याखाली जातात.

अहवाल दिल्यापासून वर्षभर नवी माहिती हाती आल्यास सेवा विनाशुल्क दुरुस्ती करून देते. आमची मुदत फाल्गुनात संपते. मागच्या आठवड्यात मूळ घराचे छप्पर उतरवताना आढ्याजवळ कापडात गुंडाळलेला एक मोडी कागद सापडला. त्याच्या तळाशी गोल शिक्का आहे आणि पहिल्या ओळीत ‘नाक’ हे शब्दरूप मलाही आता ओळखू येते. तो न उलगडता, जसा आहे तसा, मी ताईंकडे नेऊन दिला आहे.